इटॅलिक मुद्राक्षरे

इटॅलिक मुद्राक्षरे : रोमन लिपीच्या छपाईत वापरल्या जाणाऱ्या, उजवीकडे कललेल्या व हस्तलेखनाचे वळण राखणाऱ्या मुद्राक्षरांचा एक प्रमुख प्रकार. मराठी मुद्रणव्यवसायात यांना ‘तिरपा टाइप’ असेही म्हणतात. परंतु तिरपेपणा हे या अक्षरांचे एकमेव किंवा सर्वांत महत्त्वाचे लक्षण नव्हे. सरळ उभ्या मुद्राक्षरांचा पूर्वज शिलालेखांतील आणि संथपणे रेखाटलेल्या ग्रंथलिपीतील अक्षर आहे, तर इटॅलिकचा पूर्वज लेखणी न उचलता भराभर लिहिलेले अक्षर आहे. या दोहोंतील फरक वंशाचा असल्यामुळे उभे अक्षर नुसते कलते करून इटॅलिक तयार होत नाही. ‘इटॅलिक’ म्हणजे इटलीचे. हे नाव इटलीबाहेरच्या मुद्रकांनी दिलेले असून खुद्द इटलीत या अक्षराला ‘कोर्सिव्हो’ म्हणजे धावते अक्षर म्हणतात. जर्मन भाषेतील ‘कुर्सिव्ह’ या शब्दाचा अर्थही तोच आहे. पोर्तुगीज भाषेत त्यास ‘ग्रीफो’ असे आणखी एक नाव आहे. त्याचे मूळ व्हेनिसचा ठसे कोरणारा ग्रीफ्फो याच्या नावात शोधावे की लीआँ येथील मुद्रक ग्रिफिउस याच्या नावात, याविषयी मतभेद आहेत.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लॉरेन्समधील मानवतावादी विद्वान प्राचीन लॅटिन ग्रंथांच्या प्रती स्वतः उतरवून घेत असत. मध्ययुगीन गॉथिक अक्षर त्यांना दाट व दुर्बोध वाटे. त्यांनी नवव्या ते बाराव्या शतकांतील हस्तलिखितांच्या आधारे एक मोकळे, गोलसर अक्षर रूढ केले व त्यालाच ते प्राचीन अक्षर मानत. नीक्कोलो नीक्कोली (१३६४–१४३७) या ग्रंथसंग्राहकाने त्याच अक्षराचे जलद लेखनाला सोयीचे रूप वापरात आणले. त्यात अक्षरे किंचित कललेली, अरुंद व परस्परांना जोडलेली असत. पोपच्या कार्यालयातील लेखनिकांनी पत्रे व आज्ञापत्रे लिहिण्यासाठी हे वळण उचलले आणि त्याला अधिक डौल दिला. कार्यालयीन म्हणून त्यास ‘कांचेल्लारेस्का’ हे नाव मिळाले. दरबारी कामकाजातून घडलेले आणि हात न थांबवता लिहिता येणारे हे अक्षर महाराष्ट्रातील वाचकाला मोडीची आठवण करून देईल. बाळबोध व मोडी यांचे नाते बऱ्याच अंशी उभ्या रोमन अक्षराच्या व कांचेल्लारेस्काच्या नात्यासारखेच होते. मात्र पुढे छापखान्यात त्यांच्या वाट्याला आलेले भवितव्य अगदी भिन्न ठरले.

या हस्ताक्षराला धातूच्या खिळ्यात प्रथम आणले ते व्हेनिसचा विद्वान मुद्रक आल्दुस मानुत्सिउस (सु. १४४९–१५१५) याने. आल्दुसच्या मुद्रणालयाची कीर्ती ग्रीक ग्रंथांच्या प्रकाशनामुळे आधीच झालेली होती. १५०० मध्ये त्याने सिएनाची संत कॅथरिन हिची पत्रे प्रसिद्ध केली. तीमधील एका काष्ठचित्रात संतिणीच्या हातातील ग्रंथावर व हृदयावर जे थोडे शब्द आहेत, ते या नव्या अक्षराचे पहिले छापील दर्शन होय. संपूर्ण ग्रंथ या अक्षरात छापला गेला तो पुढच्या वर्षी, एप्रिल १५०१ मध्ये. तो व्हर्जिलच्या काव्याचा होता. त्यामागोमाग हॉरिस, जूव्हेनल, पीत्रार्क यांचे ग्रंथ आले. हे सर्व ग्रंथ लहान आकाराचे, टीकाटिप्पणी नसलेले व हातात सहज मावणारे होते. तोपर्यंत अभिजात ग्रंथ मोठ्या पानांवर, मूळ मजकुराभोवती भाष्याची गर्दी करून छापण्याचा प्रघात होता व ते व्यासपीठावर ठेवूनच वाचावे लागत. आल्दुसने ते दरबारी मुत्सद्दी, विद्यार्थी व प्रवासी यांच्या हाती दिले.

इटॅलिक अक्षराची योजना कागद वाचवण्यासाठी झाली, असे अनेक पुस्तकांत सांगितले जाते. ही समजूत अर्धवट खरी आहे. इटॅलिक अरुंद असते हे खरे. पण आल्दुसची ही पुस्तके बहुतांशी पद्याची होती व पद्याची ओळ अक्षर अरुंद केल्याने पानावर कमी जागा घेत नाही, कारण प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीतच छापावा लागतो. पुस्तक लहान झाले ते प्रामुख्याने पानाच्या आकारामुळे व भाष्य गाळल्यामुळे. आल्दुसचा खरा हेतू वेगळा असावा. त्या काळी रसिक श्रीमंत मंडळी आपल्या आवडत्या कवींच्या लहान हस्तलिखित प्रती याच धावत्या अक्षरात लिहवून घेत. छापील पुस्तकालाही तशाच खाजगी प्रतीचे रूप द्यावे, हा विचार अधिक संभवनीय वाटतो. हे अक्षर पीत्रार्कच्या हस्ताक्षरावरून घेतले, ही कथाही अशीच प्रचलित आहे. मात्र पीत्रार्कचे ग्रंथलेखनाचे अक्षर गॉथिक परंपरेतील असून त्याचे या मुद्राक्षराशी साम्य नाही.

आल्दुसचे ठसे कोरणारा कारागीर फ्रांचेस्को ग्रीफ्फो हा बोलोन्याचा. पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटे अक्षर कोरावयाचे, तो ठसा तांब्यावर ठोकून मातृका तयार करावयाची आणि मातृकेत शिशाचा रस ओतून खिळे पाडावयाचे, अशी त्या काळची रीत होती. अक्षराचे सौंदर्य ठसे कोरणाऱ्याच्या हातात असे. धावत्या हस्ताक्षरात अक्षरे एकमेकांत गुंततात. खिळे मात्र सुटे व चौकोनी असतात. ग्रीफ्फोने या अडचणीतून वाट काढण्यासाठी दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे अनेक संयुक्त खिळे पाडले. मोठ्या अक्षरांना मात्र त्याने कलते केले नाही. ती उभीच राहिली व लहान अक्षरांच्या वरच्या दांड्यांपेक्षाही ठेंगणी ठेवली गेली. पद्याच्या प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर असे उभे व थोडे अंतर सोडून छापलेले असल्याने पानाच्या डाव्या कडेला एक सुबक स्तंभ तयार होतो.

व्हर्जिलच्या ग्रंथाच्या आरंभी आल्दुसने ‘बोलोन्याच्या फ्रांचेस्को’ची स्तुती करणाऱ्या तीन ओळी छापल्या. परंतु १५०२ मध्ये व्हेनिसच्या सेनेटकडून या अक्षराच्या वापराचा एकाधिकार मिळाला तो आल्दुसच्या नावे. पोपनेही त्याला तसेच संरक्षण दिले. ज्या हाताने अक्षर कोरले, त्या हाताला तेच अक्षर व्हेनिसच्या राज्यात दुसऱ्या कोणासाठी कोरण्याची मुभा उरली नाही. ग्रीफ्फो व्हेनिस सोडून फानो येथील मुद्रक गेर्शोम सोन्चिनो याच्याकडे गेला. सोन्चिनोने १५०३ मध्ये पीत्रार्कचे काव्य छापले व चेझारे बोर्जाला उद्देशून लिहिलेल्या अर्पणपत्रिकेत, आल्दुसने वापरलेली सर्व अक्षरे ग्रीफ्फोनेच कोरली असून या नव्या अक्षराचे श्रेय इतरांनी बळकावले आहे, असे स्पष्ट बजावले. ग्रीफ्फोने पुढे १५१६ मध्ये बोलोन्यात स्वतःची छोटी पुस्तके अतिशय बारीक इटॅलिकमध्ये छापण्यास आरंभ केला. त्याच सुमारास एका भांडणात जावयाचा जीव घेतल्याचा आरोप त्याच्यावर आला. त्यानंतर त्याचा मागमूस लागत नाही. त्याच्या स्मृतीची पुढे इतकी आबाळ झाली, की १८५८ मध्ये ब्रिटिश म्यूझियमचा ग्रंथपाल आंतोन्यो पानीत्सी याने ‘बोलोन्याचा फ्रांचेस्को’ म्हणजे चित्रकार फ्रांचेस्को फ्रांचा होय असा सिद्धांत मांडला व तो काही काळ ग्राह्यही मानला गेला. दप्तरांतील कागदपत्रांच्या आधारे ग्रीफ्फोची ओळख निश्चित झाली ती त्यानंतर.

एकाधिकाराचा उपयोग व्हेनिसच्या हद्दीबाहेर फारसा झाला नाही. फ्रान्समधील लीआँच्या मुद्रकांनी आल्दुसच्या पुस्तकांच्या हुबेहूब नकला त्याच अक्षरात काढल्या. १५०३ मध्ये आल्दुसने एक जाहीर पत्रक काढून नकली प्रती कशा ओळखाव्यात हे सांगितले व त्यांतील मुद्रणदोषांची यादीही दिली. लीआँच्या मंडळींनी ती यादी समोर ठेवून आपल्या पुढील आवृत्त्या दुरुस्त केल्या, ही गोष्ट मुद्रणाच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते.

आल्दुसचे अक्षर काहीसे दाट व खडबडीत होते. त्याला डौल आणला तो रोममध्ये लुदोव्हीको देल्यी आर्रीगी याने. आर्रीगी पोपच्या कार्यालयातील लेखनिक होता. त्याची ‘ला ओपेरिना’ (१५२२) ही लहानशी पुस्तिका कांचेल्लारेस्का लिहिण्यास शिकवणाऱ्या छापील पुस्तकांतील पहिली महत्त्वाची कृती असून तीतील सर्व पाने लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली होती. पुढे १५२४ मध्ये त्याने मुद्रणालय काढले. त्याच्या इटॅलिकमध्ये ओळींतील अंतर सैल, वरच्या-खालच्या दांड्या लांब व वरच्या दांड्यांची टोके पताकेप्रमाणे उजवीकडे वळलेली आढळतात. १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्याने रोमची लूट केली, त्यानंतर आर्रीगीचा उल्लेख सापडत नाही. पण त्याचे अक्षर आंतोन्यो ब्लादो या रोमन मुद्रकाने वापरात ठेवले. विसाव्या शतकात जेव्हा जुन्या इटॅलिकांचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा अनेकांनी आल्दुसऐवजी आर्रीगीला आदर्श मानले. मोनोटाइप कंपनीचे ‘ब्लादो’ (१९२३) व फ्रेडरिक वॉर्डचे ‘आर्रीगी’ ही त्याचीच उदाहरणे होत. यांतील दुसरे ब्रूस रॉजर्सच्या ‘सेंटॉर’ या उभ्या अक्षराचे सहचर म्हणून प्रसिद्धीस आले.

सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इटॅलिक हे एक स्वतंत्र अक्षर होते. त्यात संपूर्ण ग्रंथ छापले जात व उभ्या अक्षराशी त्याचा काही संबंध मानला जात नसे. मग दोन बदल घडले. मोठी अक्षरेही कलती होऊ लागली आणि एकाच पानावर उभे व इटॅलिक एकत्र येऊ लागले. आरंभी प्रस्तावना, अर्पणपत्रिका व अवतरणे इटॅलिकमध्ये आणि मुख्य मजकूर उभ्या अक्षरात अशी वाटणी झाली. नंतर एकाच वाक्यातील निवडक शब्दांपर्यंत ती पोहोचली. या बदलात फ्रेंच ठसेकार रोबेर ग्रांझाँ याचा वाटा सर्वांत मोठा आहे. त्याचे इटॅलिक अधिक कललेले व चैतन्यपूर्ण असून जवळून पाहता प्रत्येक अक्षराचा कल किंचित वेगळा भरतो. क्लोद गारामाँच्या उभ्या अक्षरांशी ग्रांझाँचे इटॅलिक जोडण्याची प्रथा इतकी रुळली, की आजही ‘गारामाँ’ नावाने मिळणाऱ्या काही उत्तम अक्षरसंचांतील इटॅलिक हे वस्तुतः ग्रांझाँचे असते. मॅथ्यू कार्टर याचे ‘गॅलियार्ड’ (१९७८) ग्रांझाँच्या कामाचेच आधुनिक भाष्य आहे.

चौदाव्या लूईच्या कारकीर्दीत फ्रान्समधील विज्ञान अकादमीच्या समितीने राजकीय मुद्रणालयासाठी नवे अक्षर आखले. एका चौरसाचे २,३०४ लहान चौरस पाडून त्यांवर प्रत्येक उभे अक्षर बसवण्यात आले आणि इटॅलिकसाठी तीच जाळी कलती करण्यात आली. इटॅलिक म्हणजे कललेले उभे अक्षर, ही कल्पना येथे प्रथमच सिद्धांत म्हणून अवतरली. ठसे कोरणारा फिलिप ग्रांझाँ हा मात्र जाळीपेक्षा आपल्या डोळ्यावर अधिक विसंबला. (या ग्रांझाँच्या नावाचे लेखन सोळाव्या शतकातील ग्रांझाँहून निराळे आहे, मराठीत ती सारखी दिसतात एवढेच.) हे अक्षर १७०२ मध्ये प्रथम ग्रंथात वापरले गेले. इंग्लंडमध्ये विल्यम कॅझलन याच्या इटॅलिकात डच परंपरेचा जोम आहे, तर जॉन बास्करव्हिल (१७०६–७५) याच्या इटॅलिकात सुलेखनाच्या शिक्षकाचा हात दिसतो. बास्करव्हिल तरुणपणी लेखन शिकवीत असे व थडग्यांवरील लेख कोरीत असे. त्याच्या १७५७ च्या व्हर्जिलमधील इटॅलिक हे अठराव्या शतकातील सर्वांत देखणे इटॅलिक म्हणता येईल. इटलीत जांबात्तीस्ता बोदोनी (१७४०–१८१३) याने जाड-बारीक रेषांतील विरोध टोकाला नेला व त्याबरोबर इटॅलिकचाही लेखणीशी असलेला संबंध क्षीण झाला.

आकारविशेष : इटॅलिकचे वेगळेपण लहान अक्षरांत स्पष्ट दिसते. उभ्या लिपीतील ‘ए’ दुमजली असतो. इटॅलिकमध्ये तो एकाच फुगीर पोटाचा व उजवीकडे दांडी असलेला होतो. ‘एफ’ हे अक्षर ओळीवर न थांबता खाली उतरते आणि त्याची दोन्ही टोके वळतात. ‘व्ही’ व ‘डब्ल्यू’ यांच्या कोनांची जागा वळणे घेतात. ‘के’च्या वरच्या फाट्याचा कधीकधी लहान फास होतो. उभ्या अक्षरांच्या रेषांना तळाशी ज्या आडव्या लहान पट्ट्या म्हणजे सेरिफ असतात, त्या इटॅलिकमध्ये जवळजवळ नाहीशा होतात. त्यांच्या जागी लेखणी कागदावर टेकताना उमटणारी बारीक तिरपी सुरुवात व कागदावरून निघताना राहणारे वर वळलेले टोक असते. म्हणूनच ‘एन’, ‘एम’, ‘यू’ या अक्षरांची ओळ पाहिली असता लेखनातील लय जाणवते. ‘एन’ व ‘एम’ यांच्या कमानी उभ्या दांडीतून खालच्या बाजूस फुटून वर चढतात आणि दांडी व कमान यांमध्ये पाचरीसारखी पांढरी जागा राहते. ही पाचर किती खोल ठेवावी, यावर इटॅलिकचा स्वभाव बराचसा ठरतो. ती खोल असेल तर अक्षर चपळ व टोकदार दिसते, उथळ असेल तर गोल व शांत.

कलाचे प्रमाण सर्वसाधारणपणे ५ ते २० अंशांच्या दरम्यान असते. एरिक गिलच्या ‘जोआना’ या अक्षरात ते केवळ ३ अंशांच्या आसपास असूनही त्याचे इटॅलिक चटकन ओळखू येते, कारण ते अरुंद आहे व त्यातील अक्षरांची घडण वेगळी आहे. उलट, २० अंश कललेले पण घडण तीच ठेवलेले उभे अक्षर हे कललेलेच दिसते, इटॅलिक वाटत नाही. कलते केल्याने गोल अक्षरांचा आकारही बिघडतो. वर्तुळाचा एक कोपरा ताणला जातो व समोरचा दबतो, रेषेची जाडी भलत्याच ठिकाणी वाढते. चांगला आकृतिकार हे सर्व डोळ्याने दुरुस्त करतो. मोठ्या अक्षरांबाबत मात्र कलणे व थोडे अरुंद होणे एवढेच बहुधा पुरते. काही संचांत त्यांना लपेटदार शेपट्यांची पर्यायी रूपे दिलेली असतात. ती शब्दाच्या आरंभी एखादेवेळी शोभतात, पण सर्व शब्द त्या रूपांत जुळवला तर वाचणे अशक्य होते.

धातूच्या खिळ्यांच्या काळात इटॅलिकने जुळाऱ्यांना बराच त्रास दिला. कललेल्या ‘एफ’चे टोक खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबते व शेजारच्या उंच अक्षरावर आदळून मोडते. त्यामुळे त्याच्याबरोबर येणाऱ्या ‘आय’ व ‘एल’ या अक्षरांचे संयुक्त खिळे आवश्यक ठरले. लायनोटाइप यंत्रात वेगळीच अडचण होती. तेथे एकाच मातृकेवर उभे व इटॅलिक अशी दोन रूपे कोरलेली असल्याने दोहोंची रुंदी सारखी ठेवावी लागे, आणि कोणतेही टोक बाहेर लोंबू देणे शक्य नव्हते. जे अक्षर स्वभावतः अरुंद, त्याला उभ्या अक्षराच्या मापाने रुंद करावे लागले. विसाव्या शतकातील वृत्तपत्रांत व स्वस्त पुस्तकांत इटॅलिक पुष्कळदा ढिले व बेंगरूळ दिसते, त्याचे हे एक मुख्य कारण. यान चिखोल्ट याने हाताने जुळवणे, मोनोटाइप व लायनोटाइप या तिन्ही पद्धतींत एकसारखे दिसेल असे ‘साबोन’ (१९६७) हे अक्षर आखले, तेव्हा हेच बंधन त्याने आरंभापासून हिशेबात धरले होते.

इटॅलिक हे स्वतंत्र अक्षर आहे की उभ्याचे दुय्यम साहाय्यक, हा प्रश्न १९२६ मध्ये इंग्रज मुद्रणतज्ज्ञ स्टॅन्ली मॉरिसन (१८८९–१९६७) याने ‘द फ्ल्यूरॉन’ या वार्षिकात उघडपणे उपस्थित केला. त्याचे म्हणणे असे की, आज इटॅलिकचे काम उभ्या मजकुरात थोडासा भेद दाखवणे एवढेच उरले आहे. मग हस्ताक्षराची वळणे कशासाठी? उभ्या अक्षरालाच कल द्यावा, म्हणजे पानाची एकरूपता टिकेल. हा तर्क बिनतोड वाटला, म्हणून काहींनी तो अमलात आणला. व्हान क्रिम्पेनच्या ‘रोम्युलस’ला आणि ड्विगिन्सच्या ‘इलेक्ट्रा’ला (१९३५) असे कललेले अक्षर दिले गेले. ते इतके बेमालूम मिसळले, की वाचकाला भेद जाणवेनासा झाला. ज्या कामासाठी इटॅलिक हवे, तेच काम ते करीना. ‘इलेक्ट्रा’ला पुढे खरे धावते इटॅलिक जोडावे लागले आणि गिलच्या ‘पर्पेच्युआ’चे कललेले अक्षरही मागे पडून त्याच्या जागी ‘फेलिसिटी’ हे अधिक वळणदार अक्षर आले. स्वतः मॉरिसननेही आपला आग्रह नंतर सोडला. हेर्मान त्साप्फ याने १९४८–५० च्या सुमारास केलेल्या ‘पालातीनो’चे इटॅलिक पाहिले असता, हस्ताक्षराचे वळण पूर्ण राखूनही उभ्या अक्षराशी मेळ साधता येतो याची खात्री पटते. सोळाव्या शतकातील एका सुलेखनशिक्षकाचेच नाव त्याने या अक्षराला दिले आहे.

उपयोग : इंग्रजी व इतर यूरोपीय भाषांत इटॅलिकचे उपयोग अनेक आहेत आणि ते सर्व जोर देण्याचे नाहीत. ग्रंथ, नियतकालिके, नाटके, चित्रे व जहाजे यांची नावे, परभाषेतील शब्द, नाटकातील रंगसूचना, न्यायालयीन खटल्यांची नावे यांसाठी ते वापरतात. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात व्यक्तिनामे व रंगसूचना इटॅलिकमध्ये आहेत. बायबलच्या इंग्रजी भाषांतरांत तर इटॅलिकचा अर्थ जोराच्या अगदी उलट होतो. मुळात नसलेले, पण इंग्रजी वाक्य पुरे होण्यासाठी भाषांतरकारांनी घातलेले शब्द १५६० च्या जिनीव्हा बायबलमध्ये इटॅलिकमध्ये छापले गेले. १६११ चे अधिकृत भाषांतर गॉथिक अक्षरात असल्याने तेथे असे शब्द बारीक उभ्या रोमन अक्षरात होते. नंतरच्या रोमन आवृत्त्यांत ते इटॅलिक झाले. हा संकेत ठाऊक नसलेला वाचक नेमक्या त्याच शब्दांवर जोर देऊन वाचतो आणि वाक्याचा अर्थ विपरीत होतो.

विज्ञानात इटॅलिकला व्याकरणाइतके महत्त्व आहे. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीनुसार राशींची चिन्हे इटॅलिकमध्ये व एककांची चिन्हे उभ्या अक्षरात छापावयाची असतात. त्यामुळे इटॅलिक ‘एम’ म्हणजे वस्तुमान आणि उभा ‘एम’ म्हणजे मीटर. गणितातील चलराशी इटॅलिकमध्ये, तर ज्या, लघुगणक इत्यादी फलांची संक्षिप्त नावे उभी असतात. न पेक्षा ती एकमेकांना गुणलेली अक्षरे आहेत असा भ्रम होईल. जीवविज्ञानात प्रजाती व जाती यांची लॅटिन नावे इटॅलिकमध्ये देतात, वरच्या कुलाची किंवा गणाची नावे प्राणिविज्ञानात बहुधा उभी ठेवतात. आनुवंशिकीत जनुकाचे चिन्ह इटॅलिक व त्यापासून तयार होणाऱ्या प्रथिनाचे उभे असते. अक्षरे तीच असल्याने कल हाच काय तो भेद. रोमन लिप्यंतरातील संस्कृत शब्दही प्राच्यविद्येच्या इंग्रजी ग्रंथांत याच कारणास्तव इटॅलिकमध्ये येतात. हस्तलिखितात शब्दाखाली मारलेली एक रेघ म्हणजे जुळाऱ्याला इटॅलिक वापरण्याची सूचना, हा संकेत मुद्रितशोधनात अजूनही पाळला जातो व टंकलेखन यंत्राच्या काळात अधोरेखनाने इटॅलिकची जागा घेतली ती त्यामुळेच.

सलग पानेच्या पाने इटॅलिकमध्ये वाचणे बहुतेकांना आवडत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ माइल्स टिंकर याच्या प्रयोगांत इटॅलिकमुळे वाचनाचा वेग थोडासाच कमी होतो असे आढळले. वाचकांची पसंती मात्र फार मोठ्या प्रमाणात उभ्या अक्षराला होती. वाचनाची अंगभूत अडचण असलेल्यांसाठी छापावयाच्या मजकुरात इटॅलिक टाळावे, असे सुचवले जाते. सोळाव्या शतकातील वाचकाला हीच अक्षरे सुखाची वाटत होती, तेव्हा या आवडीनिवडीत सवयीचा भाग मोठा असणार.

देवनागरीत या अक्षराला समांतर असे काही निर्माण झाले नाही. मोडी हे धावते वळण अस्तित्वात होते व त्याचे खिळेही पाडले गेले होते. विल्यम कॅरीच्या सेरामपूर येथील मुद्रणालयात मराठी कोश (१८१०) मोडीत छापला गेला. परंतु बाळबोध मजकुरात एखादा शब्द मोडीत घालून भेद दाखवावा, अशी प्रथा कधी पडली नाही. मोडीची कित्येक अक्षरे बाळबोध वाचणाऱ्याला निराळी शिकावी लागतात, इटॅलिकची लागत नाहीत. हे एक कारण दिसते. दुसरे कारण छापखान्यातील होते. जोडाक्षरे, काना-मात्रा व वेलांट्या धरून देवनागरीच्या एका संचाला शेकडो खिळे लागत. निर्णयसागरचे जावजी दादाजी (१८३९–९२) यांच्या प्रयत्नाने मराठी मुद्राक्षरांना जे सौष्ठव आले, ते एका उभ्या संचावर घेतलेल्या दीर्घ परिश्रमांचे फळ होते. तेवढेच खिळे पुन्हा तिरपे कोरणे कोणालाही परवडणारे नव्हते. मराठी मुद्रकांनी भेद दाखवण्याचे काम ठळक अक्षर व अवतरणचिन्हे यांवर भागवले.

संगणकावरील अक्षरजुळणी रूढ झाल्यापासून तिरपी देवनागरी सर्वत्र दिसू लागली आहे. ती बहुतांशी यांत्रिक असते. उदाहरणार्थ, र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आखलेल्या ‘मंगल’ या सुपरिचित अक्षरसंचाला स्वतःचे इटॅलिक नाही. वापरणाऱ्याने कळ दाबली की आज्ञावली उभ्या अक्षरालाच कल देते. शिरोरेषा आडवीच राहते व तिला टांगलेल्या सर्व दांड्या एका बाजूला झुकतात. रेषेच्या वरचे मात्रा व अनुस्वार उजवीकडे सरकून पुढच्या अक्षरावर जातात, खालचे उकार डावीकडे सरकतात. मुळात डावीकडे झुकलेली मात्रा जवळजवळ उभी होते व तिचा डौल जातो. याखेरीज देवनागरीसाठी बोरूला दिला जाणारा कत रोमन लेखणीच्या उलट बाजूचा असतो. त्यामुळे जाड व बारीक रेषांची जी वाटणी उभ्या अक्षरात सुसंगत दिसते, ती कल दिल्यावर विसंगत होते. देवनागरीला खरे धावते सहचर अक्षर द्यावयाचे तर ते मराठी व हिंदी भाषकांच्या जलद हस्ताक्षरातून, प्रसंगी मोडीच्या वळणांतून घडवावे लागेल. अलीकडे काही आकृतिकारांनी त्या दिशेने प्रयत्न केले असले, तरी नित्याच्या मराठी ग्रंथमुद्रणात ते अद्याप रुळलेले नाहीत.